तान्हा पोळा, डेटन आणि आमची नॅशनल लीग

तर झालं असं, की गेल्या तान्ह्या पोळ्याला आमच्या कॉलनीत लाकडी बैलांची स्पर्धा झाली आणि पहिलं बक्षीस एका भल्यामोठ्या बैलाला मिळालं. बैल देखणा होता यात वादच नाही. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. फक्त मालक सहा वर्षांचा आणि बैल त्याच्या डोक्याहून उंच. ओढायला बाबा आणि काका दोघं लागले. त्याच्या शेजारी दुसरा एक पोट्टा स्वतःच्या हाताने रंगवलेला वीतभर बैल घेऊन उभा होता. रंग थोडा ओघळला होता, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता. त्याला उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली. ती घेताना त्याने आईला विचारलं, "माझा बैल लहान आहे म्हणून का?" आईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी आणि माझ्या एका मित्राने (तोही आयटीवालाच) पोरांसाठी खेळण्यातल्या गाड्यांची रेस ठेवली होती. पार्किंगचा उतार आयता मिळाला. नियम एकच: गाडी वरून सोडायची, जी आधी खाली येईल ती जिंकली. एवढं सोपं असल्यावर काय बिघडणार, असं आम्हाला वाटलं होतं.

बिघडायचं ते सगळं बिघडलं. एकाने रिमोटची गाडी आणली. "सोडलीच तर आहे, हात कुठे लावला?" दुसऱ्याची जड धातूची गाडी, तिने शेजारच्या प्लॅस्टिकच्या रिक्षाला आडवं केलं. तिसऱ्याच्या बाबांनी गाडीच्या पोटाला नटबोल्ट चिकटवून दिले होते. सेंटीची पिवळी अँबेसेडर घेऊन आलेल्या पोराची गाडी तीन फुटांवर वळून भिंतीला लागली आणि तो रडायला लागला. शेवटी पोरं बाजूला राहिली आणि दोन बाबालोक एकमेकांशी भांडायला लागले. कोणतंही स्पेसिफिकेशन न लिहिता थेट प्रॉडक्शनला गेलं की जे होतं, ते झालं.

रात्री तर्री पोहे खाताना मित्र म्हणाला, "भाऊ, असं नाही जमत. आपण नॅशनल लीगच काढू. नागपूर, पुणे, बंगळूर, हैदराबाद. प्रत्येक शहरात एक क्लब. फायनल नागपुरात."

मी म्हटलं, "बाप्पा! इथं कॉलनीत दोन बाप आवरले नाहीत आपल्याला."

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. असल्या लीगा जगात कुणी केल्यात का? कशा केल्या? टिकल्या का? मग दोन-तीन वीकएन्ड त्याच्यातच गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

*

सुरुवात घरातूनच करू. नागपूरकरांना चाकावरच्या खेळण्याची स्पर्धा काही नवीन नाही. पोळ्याला शेतकरी खरे बैल सजवतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लहान मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. विदर्भाबाहेरच्या मित्रांना हे सांगावं लागतं म्हणून सांगतो: बैलाला खाली चार चाकं असतात, पुढे दोरी असते, पोरं तो ओढत घरोघर जातात आणि घरचे लोक हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली हा तान्हा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात. म्हणजे दोनशे वर्षं उलटून गेली. त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूकही असते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. त्या दिवशी महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते.

आता एखाद्या इंजिनियरच्या नजरेने तान्ह्या पोळ्याकडे बघा. गल्लोगल्ली मंडळं आहेत, वर्गणी आहे, परीक्षक आहेत, बक्षिसं आहेत, ठरलेली तारीख आहे. सगळ्या विदर्भात एकाच दिवशी होतं. लीग काढायला जे जे लागतं ते सगळं हजर आहे, फक्त लिहिलेला नियम नाही. बैल किती उंच असावा, कुणी सजवावा, किती खर्च करावा, हे कुठेच लिहिलेलं नाही. परीक्षकाला जो आवडेल तो पहिला. सणासाठी ते ठीकच आहे, सणाला कशाला नियम हवेत! पण त्याला स्पर्धा म्हटलं आणि क्रमांक काढले, की लिहिलेला नियम नसताना मोठा बैल जिंकतो. आणि मोठा बैल मोठ्या माणसांच्या पैशातून येतो.

हा प्रश्न फक्त आपलाच असेल असं मला वाटत होतं. तसं नाहीये.

*

१९३३ साल, अमेरिकेतलं डेटन नावाचं गाव. मंदीचे दिवस. 'डेटन डेली न्यूज' या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर मायरन स्कॉट याला रस्त्याच्या उतारावर काही मुलं घरी बनवलेल्या गाड्या पळवताना दिसली. इंजिन नाही, पेडल नाही, फक्त उतार. आपल्याकडे पोरं फळीला जुनी बेरिंगं ठोकून गाडी बनवतात ना, तिचीच ही चुलत बहीण. स्कॉटने फोटो काढले, आणि मग याची मोठी रेसच भरवावी असं त्याच्या मनाने घेतलं. ऑगस्टमध्ये रेस झाली तेव्हा ३६२ मुलं गाड्या घेऊन आली. कुणाची गाडी पत्र्याची, कुणी बाळाच्या बाबागाडीची चाकं लावलेली, आणि कुणी चक्क संत्र्याच्या पेट्या तोडून बनवलेली. संत्र्याच्या पेट्या! नागपूरकराने इथे दोन मिनिटं थांबावं. कच्चा माल आपल्याकडे आधीपासूनच होता की.

पुढच्याच वर्षी, १९३४ साली, हीच गोष्ट देशभराची झाली. शेवरोले कंपनीने पैसे घातले, ठिकठिकाणी स्थानिक रेस झाल्या आणि ३४ शहरांचे विजेते डेटनला आले. मन्सी नावाच्या गावचा रॉबर्ट टर्नर जिंकला. त्याची गाडी एका दारूच्या गुत्त्यातल्या काउंटरच्या लाकडाची होती. १९३५ पासून रेस ॲक्रन या शहरात गेली आणि १९३६ साली तिथे तिच्यासाठी खास उताराचा ट्रॅक बांधला गेला. नाव सोप बॉक्स डर्बी, म्हणजे साबणाच्या खोक्यांची शर्यत. जाता जाता सांगतो, हा मायरन स्कॉट नंतर शेवरोलेतच नोकरीला लागला आणि कंपनीच्या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारला 'कॉर्व्हेट' हे नाव त्यानेच सुचवलं.

एका वर्षात एका गावातून ३४ शहरांत! आमच्या मित्राचं स्वप्न ते हेच. पण हे इतक्या झटपट कसं झालं, ते बघा. गावोगावी वर्तमानपत्रं होती, त्यांनी रेसची बातमी आणि नियम घरोघर पोचवले. शेवरोलेची दुकानं होती, तिथे मुलांनी नाव नोंदवायचं. म्हणजे वितरणाची व्यवस्था आधीच उभी होती, रेस तिच्यावर बसवली. आणि तिसरी गोष्ट नियमपुस्तिका: वजनाची मर्यादा, खर्चाची मर्यादा, आणि मुख्य म्हणजे गाडी मुलानेच बनवली पाहिजे. (मुलगा म्हणजे मुलगाच हं! मुलींना प्रवेश १९७१ साली मिळाला. १९७५ साली कॅरन स्टेड ही मुलगी पहिली आली. दरवाजा उघडल्यावर चार वर्षांत.)

'मुलानेच बनवली पाहिजे' हे लिहिणं सोपं आहे. तपासणार कोण?

१९७३ साली ॲक्रनच्या फायनलला कोलोराडोतल्या बोल्डर गावचा १४ वर्षांचा एक मुलगा जिंकला. पण त्याची गाडी सुरुवातीच्या क्षणीच इतरांच्या पुढे उसळी मारते, हे लोकांच्या नजरेत आलं. उतारावरून सगळ्या गाड्या एकाच वेगाने निघायला हव्यात, मग हिलाच घाई का? शेवटी गाडीचा एक्स-रे काढला. नाकात विद्युतचुंबक सापडलं! सुरुवातीला गाड्या ज्या लोखंडी पाटीला टेकून उभ्या असतात ती पाटी पुढे पडताना चुंबक तिला चिकटायचं आणि गाडी ओढली जायची. बटण डोकं टेकायच्या जागी. मुलाने मान मागे टेकवली की करंट सुरू. विजेतेपद काढून घेतलं. पुढे कळलं, की यामागे तो ज्या नातेवाईकाच्या घरी राहत होता त्या मोठ्या माणसाचा हात होता. आणि आदल्या वर्षीचा विजेताही त्याच घरातला होता.

हे वाचताना मला आमच्या पार्किंगमधले नटबोल्ट आठवले. प्रमाण वेगळं, बाप तोच.

बरं, दुसरा धक्का त्याच सुमाराला बसलेला होता. जवळजवळ चाळीस वर्षं पैसा पुरवणाऱ्या शेवरोलेने १९७२ नंतर अंग काढून घेतलं. ज्या कंपनीने रेस एका वर्षात देशभर नेली, ती गेल्यावर सगळा डोलारा डगमगला. मग ॲक्रनच्या गावकऱ्यांनी ती कशीबशी तगवली आणि आजही ती तिथे भरते. पण जुनी शान पुन्हा तशी आली नाही.

*

याच रेसमधून एक धाकटी रेस निघाली आणि ती माझी सगळ्यात आवडती. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी नावाचे गृहस्थ होते. विमानाच्या कंपनीत नोकरी आणि फावल्या वेळात लहान स्काउट मुलांच्या तुकडीचे प्रमुख. त्यांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत भाग घ्यायचा होता, पण वय बसत नव्हतं. बापाने काय करावं? त्याने रेसच लहान केली. ७ इंची पाइनचा ठोकळा, चार खिळे, चार चाकं. मुलाने ठोकळा तासायचा, रंगवायचा, चाकं खिळ्यांनी बसवायची. लाकडी उतारावर रेस. १५ मे १९५३ रोजी ती पहिल्यांदा झाली. नाव पाइनवुड डर्बी. ऑक्टोबर १९५४ मध्ये स्काउटांच्या 'बॉइज लाइफ' मासिकात तिचे आराखडे छापून आले आणि ती अमेरिकाभर गेली.

यातली हुशारी बघा. एकाच पाकिटात सगळ्यांना तेच लाकूड, तेच खिळे, तीच चाकं. वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. एवढ्या वाक्यांत नियम संपला. पैसेवाल्याला जास्त विकत घेण्यासारखं फारसं काही ठेवलंच नाही. जे उरलं ते घासण्यात, तासण्यात आणि वजन कुठे लावायचं या विचारात. (वजन मागच्या बाजूला लावलं तर गाडीचा गुरुत्वमध्य उतारावर थोडा अधिक उंचीवरून निघतो आणि तेवढी जास्त ऊर्जा मिळते. अकरावीचं फिजिक्स शेवटी कुठेतरी कामी आलं!)

आणि दुसरी हुशारी: या रेसचा जीव राष्ट्रीय फायनलमध्ये नाही. प्रत्येक तुकडीची आपली रेस, तीच मुख्य. मासिकातलं पान वाचून कुठल्याही गावात कुणीही ती भरवू शकतो. मर्फींना तिथे जावं लागत नाही. कंपनी बंद पडली, फोटोग्राफर नोकरी सोडून गेला, तरी काही अडत नाही.

बाप मात्र इथेही आलेच. गाडी बापानेच तासायची आणि पोराने नुसती धरून उभं राहायचं, हा प्रकार अमेरिकेत इतका माहितीचा आहे की त्यावर २००५ साली 'डाउन अँड डर्बी' नावाचा विनोदी सिनेमाच निघाला.

*

तिसरा नमुना जपानचा. शिझुओकाच्या टामिया कंपनीने १९८२ साली मिनी फोर-डब्ल्यू-डी नावाच्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या. दोन पेन्सिल सेल, एक मोटर, चारही चाकांना ताकद. रिमोट नाही; सोडली की भिंती असलेल्या ट्रॅकमधून ती आपली आपण धावते. तिच्यावर मुलांच्या मासिकात कॉमिक्स आली, आणि १९८८ साली कंपनीने जपान कप ही देशभरची स्पर्धा सुरू केली. नियम एखाद्या स्क्रूच्या डेटाशीटसारखे काटेकोर: रुंदी जास्तीत जास्त १०५ मिलिमीटर, लांबी १६५, उंची ७०, वजन कमीत कमी ९० ग्रॅम. आणि सुटे भाग टामियाचेच.

शेवटचं कलम महत्त्वाचं. इथे नियम लिहिणारा आणि सुटे भाग विकणारा एकच आहे. त्यामुळे शिस्त उत्तम, ट्रॅक उत्तम, सगळं चकाचक. पण लाट ओसरली आणि १९९९ नंतर जपान कप बंद झाला. पुन्हा सुरू झाला तो २०१२ साली, कंपनीनेच ठरवल्यावर. मधली बारा-तेरा वर्षं ज्या मुलांनी जपान कपच्या वयात घालवली, त्यांना या निर्णयात कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. हा कंपनीवर राग नाही हं. त्यांचा माल, त्यांची स्पर्धा. पण आपण आपली लीग कशावर बांधतोय हे बांधतानाच माहीत असावं. बंद सोर्सच्या लायब्ररीवर अख्खं प्रॉडक्ट उभं केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

चौथा नमुना रिमोटच्या गाड्यांचा. अमेरिकेत १९६७ साली रोअर नावाची संघटना निघाली. तिच्यात क्लब सभासद असतात. कोणती मोटर चालेल, कोणती बॅटरी चालेल, गाडीचे कोणते वर्ग, हे संघटना ठरवते. बनवणाऱ्या कंपन्यांना आपला माल तिच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. टामियाच्या बरोबर उलटं. पुढे अशा वेगवेगळ्या खंडांच्या संघटना इफमार या जागतिक संस्थेखाली आल्या आणि जगज्जेतेपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. १/१० आकाराच्या, मातीत धावणाऱ्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात झाली. हे काम फारसं नाव न मिळणारं असतं. वजनकाटे, फॉर्म, मीटिंगा, नियमातल्या एका शब्दावर दोन तास वाद. पण एखादी कंपनी बुडाली म्हणून रोअर बुडत नाही.

*

एवढं सांगितल्यावर मित्र म्हणाला, "हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपल्याकडे काऊन नाही झालं?"

झालंय की. फक्त गाड्यांचं नाही, हुतूतूचं झालंय. आणि त्यात आपल्या विदर्भाचा मोठा वाटा आहे.

शंभर वर्षांपूर्वी हा खेळ गावोगावी होता, पण तो एक खेळ नव्हता. 'संजीवनी'त बाद झालेला गडी, समोरचा गडी बाद झाला की परत जिवंत होऊन आत यायचा. 'गामिनी'त बाद म्हणजे बाद, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. 'अमर'मध्ये बाद झाला तरी मैदानातच राहायचं, फक्त गुण मोजायचे. एकाच प्रोग्रॅमची तीन व्हर्जनं, आणि एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. सातारचा संघ दुसऱ्या गावी गेला तर आधी तासभर भांडण आणि मग खेळ.

महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा आणि क्रीडामंडळांनी हे नियम घासून घासून एक केले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. अमरावतीहून बर्लिन, त्या काळात! १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. आणि टीव्हीवरची, दिव्यांच्या झगमगाटातली प्रो कबड्डी लीग आली ती २०१४ साली.

तारखा परत एकदा बघा. १९२३ ते २०१४. एक्क्याण्णव वर्षं! 'लीग' हा शब्द अगदी शेवटी आलाय. त्याच्या आधी कित्येक दशकं कुणी ना कुणी चुना फक्कीने मैदान आखत होतं, शिट्टी वाजवत होतं, नियमाचा कागद हाताने उतरवून दुसऱ्या गावी पाठवत होतं. आपण डोळ्यासमोर प्रो कबड्डी आणतो आणि म्हणतो, चला लीग काढू. म्हणजे पाया न खोदता गच्चीवर पाण्याची टाकी बसवायला निघालो.

आता कुणी म्हणेल, शेवरोलेने एका वर्षात केलं ना? केलं. पैसा आणि पेपर असला की होतं. पण हुतूतूच्या नियमांचा मालक कुणी एक कंपनीवाला नव्हता, म्हणून पुरस्कर्ते आले, गेले, तरी खेळ राहिला. झटपट हवं असेल तर मालक शोधा. मुलांच्या मुलांपर्यंत पोचवायचं असेल तर नियम क्लबांच्या हातात ठेवा. या दोन्हींतून निवड करावी लागते आणि ती सुरुवातीलाच करावी लागते, हे मला या सगळ्या वाचनातून कळलेलं एकमेव शहाणपण.

*

तर मित्राची नॅशनल लीग सध्या एका ए-फोर कागदावर आहे. सगळीकडून ढापलेली, पण प्रामाणिकपणे ढापलेली.

पहिलं: लाकूड सगळ्यांना तेच. संत्र्याच्या जुन्या पेटीची फळी, एका मापात कापलेली. (डेटनला नमस्कार.) चाकं आणि खिळे एकगठ्ठा आणायचे आणि पाकिटं करून वाटायची. आमच्या कॉलेजच्या वेळची बाहा स्पर्धा आठवते? २००७ साली इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झालेली. पोरांनी गाडी पूर्ण आपली बनवायची, पण इंजिन सगळ्यांना एकच. तेच तत्त्व.

दुसरं: वजन १५० ग्रॅमच्या आत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. काटा ज्या घरातला आहे त्या घरच्या मुलाचं वजन दुसऱ्या घरातल्या माणसाने करायचं.

तिसरं: गाडी जागेवर बनवायची. दोन तास. त्या वेळात आईबाबांनी दोरीपलीकडे खुर्च्यांवर बसायचं आणि चहा प्यायचा. करवतीचं काम मात्र एकच मोठा माणूस सगळ्यांसाठी करेल आणि मूल पेन्सिलने रेघ मारेल तिथेच कापेल. हा नियम लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दोरीपलीकडे आम्हालाही बसायचं होतं.

चौथं: उताराची लांबी आणि उंची कागदावर लिहिलेली, पुण्यातला उतार नागपूरसारखाच. प्रत्येक गाडी प्रत्येक पट्ट्यातून एकदा धावणार आणि वेळांची बेरीज होणार. म्हणजे भिंतीकडचा पट्टा वाईट मिळाला म्हणून कुणी हरणार नाही.

पाचवं: नियम वर्षातून एकदाच बदलायचे, आणि सगळ्या क्लबांनी मिळून. आम्ही दोघांनीही मध्येच बदलायचे नाहीत, कितीही भारी आयडिया आली तरी.

बस. फायनल, ट्रॉफी, लोगो यातलं काहीही अजून नाही. (लोगो मित्राने गुपचूप बनवलाय, मला माहितीये.) पुण्याच्या एका मित्राला हा कागद पाठवला आणि फोनवर काहीही समजावून सांगायचं नाही असं ठरवलं. आम्ही शेजारी उभं न राहता, नुसत्या कागदावरून त्याची रेस भांडण न होता पार पडली, तर आमच्याकडे एक क्लब नाही, दोन क्लब आहेत असं म्हणता येईल.

आमच्या कॉलनीतली कागदावरची पहिली रेस दिवाळीच्या सुट्टीत झाली. अकरा मुलं आली. भांडण एकच झालं, तेही पोरांचं, रंगाच्या ब्रशवरून. वीतभर बैलवाला पोट्टाही होता. त्याची गाडी पाचवी आली. तो मला विचारायला आला, "काका, पाचवी का आली?" मी पोळ्याच्या दिवसासारखं काहीतरी ऐकू येईल म्हणून घाबरलोच होतो. मग आम्ही दोघांनी गाडी उलटी करून बघितली. पुढचं डावं चाक खिळ्याला घासत होतं. त्याने दोन बोटांनी ते फिरवून पाहिलं, म्हणाला, "हां, हे मी ठीक करतो," आणि निघून गेला.

असो. येत्या तान्ह्या पोळ्याला मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवणार आहे: मोठ्या बैलांना मिरवणुकीत पुढचा मान द्यावा, आणि बक्षीस फक्त अशा बैलांना, जे मालकाला एकट्याने ओढता येतात. मंजूर होईल की नाही माहीत नाही. दोन बाबालोकांना आधी गाठावं लागेल.

चू. भू. द्या. घ्या.